प्लेटवर ‘३१६ एल’ कोरलेलं होतं, म्हणून विश्वास ठेवला

कुत्र्यांच्या फ्रॅक्चरसाठीचा ३.५ मिमीचा प्लेट-स्क्रू सेट निम्म्या किमतीत मिळत असेल, तर ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) जाण्याआधी तो व्हर्नियर कॅलिपरने मोजा. आमच्या दवाखान्यात हे उलट्या क्रमाने झालं: आधी वापरला, मग मोजला.

डब्यात सहा ते दहा भोकांच्या डीसीपी प्लेट (मोडलेली टोकं एकमेकांवर दाबून धरणाऱ्या), ६० कॉर्टिकल स्क्रू (हाडाच्या कठीण बाहेरच्या थरात धरणारे), ड्रिल बिट, भोकात आटे पाडणारा टॅप आणि भोकाची खोली मोजणारा डेप्थ गेज. प्रत्येक प्लेटवर लेझरने ‘३१६ एल’, म्हणजे शरीरात बसवायच्या स्टेनलेस स्टीलचा प्रकार. बिलावर मात्र नुसतं ‘सर्जिकल सामान’, बॅच नंबर कुठेच नाही. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

पहिली खूण ऑपरेशनच्या टेबलावरच दिसली. स्क्रू घट्ट बसण्याऐवजी गरगर फिरत राहिले. ३.५ च्या कॉर्टिकल स्क्रूला २.५ मिमीचं ड्रिल लागतं, मग ३.५ चा टॅप. डब्यातल्या बिटवर २.५ लिहिलेलं, पण माप निघालं २.८. हे ३.५ च्या लॉकिंग स्क्रूसाठीच्या (ज्याचं डोकं प्लेटच्याच आट्यांत बसतं) ड्रिलचं माप. कुठल्या तरी दुसऱ्या सेटमधलं उरलेलं बिट यात घातलेलं. त्यात काही स्क्रूंचा बाहेरचा व्यास ३.३ च भरला. हिशेब करा: एका बाजूला हाडात आट्यांची पकड अर्धा मिमी हवी, ती पाव मिमीवर आली. आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी असतं, म्हणजे हाडाच्या २ मिमी जाडीच्या बाहेरच्या थरात (कॉर्टेक्समध्ये) जेमतेम दीड आटा धरतो. त्यातली निम्मी पकड गेली तर उरतं काय?

चौथ्या आठवड्यात मांडीच्या हाडावरची प्लेट भोकातून मोडली. विक्रेत्याचं उत्तर तयार होतं, ‘कुत्रा पळाला असेल, नाहीतर प्लेट नीट बसवली नसेल.’ हा बचाव पक्का आहे, कारण पुष्कळदा तो खराही असतो. फ्रॅक्चरच्या रेषेवर रिकामं भोक राहिलं किंवा समोरच्या बाजूला हाड भिडलं नाही, तर अस्सल प्लेटही वारंवार वाकून मोडते. म्हणून नुसती प्लेट मोडली यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याच डब्यातली न वापरलेली प्लेट धातुपरीक्षण करणाऱ्या लॅबला द्यावी लागते.

इम्प्लांटच्या ३१६ एलमध्ये क्रोमियम १७ ते १९ टक्के, निकेल १३ ते १५, मोलिब्डेनम २.२५ ते ३ आणि कार्बन जास्तीत जास्त ०.०३ टक्के असतो. आमच्या प्लेटमध्ये मोलिब्डेनम जवळजवळ नव्हतंच; ते साधं ३०४, म्हणजे भांड्यांचं वगैरे स्टेनलेस स्टील निघालं. शरीरातल्या खारट द्रवात स्टीलला बारीक खड्डे पडण्यापासून वाचवण्यात मोलिब्डेनमचा मोठा वाटा असतो. लॅबकडे स्पार्क स्पेक्ट्रोमीटरची चाचणी मागा. हातातली एक्स-रे गन कार्बन मोजत नाही, मग ‘एल’ (म्हणजे कमी कार्बन) खरा की खोटा हे कळत नाही. लोहचुंबक चिकटला तर माल परत करा. चिकटला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, मऊ केलेल्या ३०४ लाही तो चिकटत नाही.

जाडीही मोजा. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, त्यामुळे १० टक्के पातळ प्लेटचा ताठपणा २७ टक्क्यांनी घटतो. डोळ्यांना हा फरक दिसत नाही.

टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्स कुणीही देतो. त्यावरचा हीट नंबर (स्टील ज्या वितळणीतून आलं तिचा क्रमांक) डब्यावरच्या बॅचशी जुळवून मागा. पट्टीपासून केलेल्या प्लेटला आणि सळईपासून केलेल्या स्क्रूला एकच हीट नंबर असेल तर ते अशक्य नाही, पण चौकशी करावीच.

‘जनावरांसाठी परवाना लागत नाही’ हेही ऐकवलं जातं. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत प्राण्यांसाठीची साधनंही आहेत. लेबलवर उत्पादकाचा परवाना क्रमांक नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करता येते.

तक्रारीचं नाव काढताच विक्रेता नवा डबा देऊ करतो आणि जुना परत मागतो. जुना देऊ नका. लॅबला पाठवण्याजोगी कोरी प्लेट त्यातच असते.