मिरिस्साची ब्लू व्हेल टूर: देवमाशाला पाच स्टार, बोटीला दोन

श्रीलंकेला जाणाऱ्या बऱ्याच जणांनी तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्सा गावातल्या व्हेल टूरबद्दल विचारलं म्हणून लिहितोय. बोटवाल्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या दिवशी समुद्रात जे बघितलं त्यात तो एकटाच नव्हता.

आधी चांगलं सांगतो. सकाळी साडेसहाला बोट सुटते, त्याआधी नावांची यादी तपासतात, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय हलत नाहीत. नाश्त्याला सँडविच, केळी, कलिंगड, चहा. माणशी ५० डॉलरच्या आसपास पडले. बोटीवरची पोरं लाख मोलाची, आमच्यातल्या एक काकू उलट्यांनी बेजार झाल्या तर एक जण त्यांच्याशेजारीच बसून राहिला, आल्याचे तुकडे देत.

आणि व्हेल? दिसला ना! आधी लांबून पांढरा फवारा, मग पाठ, आणि ती पाठ संपतच नाही हो, सरकतेय सरकतेय, आता शेपूट येईल म्हणतो तर अजून पाठच. गाइडने माइकवर माहितीही चांगली दिली, की इथले ब्लू व्हेल अंटार्क्टिकाच्या व्हेलसारखे थंड पाण्याकडे जात नाहीत, वर्षभर या उबदार समुद्रातच राहतात. आशा डी व्होस म्हणून श्रीलंकेच्याच शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी यावर खूप काम केलंय. आणि हे खातात काय, तर क्रिलपेक्षा (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) बारीक कोळंबी जास्त, आपल्या जवळ्याच्या कुळातली! एवढं मोठं धूड आणि जेवण आपल्या सुकटीच्या डब्यातलं.

आता दोन स्टार का ते. फवारा दिसला रे दिसला की सात-आठ बोटी फुल स्पीडमध्ये त्याच दिशेला, आमची सगळ्यात पुढे. श्रीलंकेत २०१२ पासून नियम आहे, व्हेलपासून १०० मीटर लांब राहायचं. आमचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, त्याच्या निम्म्यावर गेला असेल, वर दुसरी बोट समोरून आडवी आली. व्हेलने कसाबसा श्वास घेतला आणि गेला खाली, मग परत कुठे वर येतोय यावर सगळ्यांची शर्यत. अहो, तो वर येतो तो श्वास भरून घ्यायला, बऱ्याच वेळा नीट फवारा सोडतो आणि मग खोल जातो जेवायला. मध्येच पळवून लावलं की श्वास अपुरा, म्हणजे खाली थांबणं कमी, म्हणजे पोट अर्धं. सीझनभर रोज सकाळी हेच.

त्यात जवळच मोठ्या मालवाहू जहाजांचा रस्ता. श्रीलंकेच्या अगदी दक्षिणेच्या दोंद्रा टोकाखालचा हा रस्ता जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या मार्गांपैकी एक, बोटीवरून कंटेनरवाली जहाजं सरळ दिसतात, आणि त्यांच्या धडकेने इथे व्हेल मरतात. एमएससी या मोठ्या मालवाहू जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली, चांगलंच केलं, पण बाकीच्यांचं काय! एका बाजूने ही जहाजं, दुसऱ्या बाजूने आपण कॅमेरे घेऊन.

आपण म्हणतोय कारण आमच्या बोटीवरचेच लोक ओरडत होते, भैया और पास लो, और पास. श्रीलंकेत भैया! आणि जो तांडेल जास्त जवळ नेतो त्यालाच उतरताना जास्त टिप, मग तो १०० मीटरवर कशाला थांबेल? गोव्याला ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’वाल्या बोटींचं तेच, पैसे परत द्यायचे नसतील तर पाठलाग करावाच लागतो. निदान जवळ गेल्यावर इंजिन न्यूट्रलवर टाकलं असतं तरी मी एक स्टार वाढवला असता. एक छोटी बोट मात्र बाजूला लांब शांत उभी होती, आणि गंमत म्हणजे शेवटचा व्हेल तिच्याच बाजूला वर आला, आरामात चार फवारे सोडून शेपूट दाखवून गेला. पुढच्या वेळी मी त्या बोटीत.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते एप्रिल बघा, उन्हाळ्यानंतर गेलात तर मिरिस्सा सोडा, पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला चौकशी करा. ॲव्होमिन बोटीत बसायच्या आधीच घ्या, मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, आणि जागा मागच्या बाजूला खालच्या डेकवर घ्या, तिथे हलतं कमी. बुकिंग करताना किंमत विचारायच्या आधी विचारा, व्हेल दिसल्यावर किती लांब थांबता? ‘व्हेरी क्लोज सर, गॅरंटी’ असं उत्तर आलं की पुढच्या टपरीवर जा.