‘चिल्ड्रन हेल्पिंग सायन्स’: बाळाला मांडीवर घेण्याआधी वाचा

घरच्या लॅपटॉपचा कॅमेरा वापरून तान्ह्या बाळाला खऱ्याखुऱ्या संशोधनात भाग घेऊ देणारी ही मोफत सेवा आहे. मूळ नाव लुकिट. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात लॉरा शुल्झ यांच्या प्रयोगशाळेत किम स्कॉट यांनी ती उभी केली आणि 2017 मध्ये तिच्यावरचे दोन शोधनिबंध छापून आले. 2020 मध्ये करोनामुळे प्रयोगशाळांना कुलपं लागली, तेव्हा वेगवेगळ्या विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यास एका यादीत आणणारी दुसरी साइट निघाली. पुढे दोन्ही एक झाल्या आणि दुसरीचं नाव टिकलं.

खातं उघडण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. इथे बाळाची हुशारी मोजली जात नाही. अभ्यास संपल्यावर तो कशाबद्दल होता ते सांगतात, पण ‘तुमचं बाळ इतक्या गुणांनी पुढे’ असा निकाल मिळत नाही, आणि मिळूही नये. एका बाळाने एका दुपारी किती वेळ कुठे पाहिलं, यावरून त्या बाळाबद्दल काहीच ठरवता येत नाही. शंभर बाळांची सरासरी काढली तर मात्र काहीतरी हाती लागतं.

पडद्यावर काय दिसणार? बहुतेकांना पहिल्यांदा वाटतं, एवढंच? एक हात येतो, खेळणं उचलतो. तेच पुन्हा, तेच पुन्हा. या कंटाळ्यातच खरी गोम आहे. मानसशास्त्रज्ञ अमांडा वुडवर्ड यांचा 1998 चा प्रयोग घ्या. मंचावर दोन खेळणी, एक चेंडू आणि एक टेडी. बाजूने हात येतो आणि दर वेळी एकच खेळणं, समजा टेडी, पकडतो. बाळ बघून बघून कंटाळलं की खेळण्यांच्या जागा बदलतात. आता हात एकदा जुन्याच जागेकडे जातो, पण तिथे चेंडू असतो. दुसऱ्यांदा नव्या जागेकडे जातो, पण उचलतो टेडीच. बाळाच्या लेखी हात ही नुसती सरकणारी वस्तू असती, तर नवी दिशा त्याला जास्त नवलाची वाटली असती आणि ते तिकडे जास्त वेळ बघत बसलं असतं. 6 आणि 9 महिन्यांची बाळं मात्र हाताने नवं खेळणं धरलं तेव्हा जास्त वेळ पाहत राहिली. म्हणजे ‘त्याला टेडी हवाय’ अशा तऱ्हेचं काहीतरी त्यांनी टिपलं होतं. हाताच्या जागी दांडा वापरला, तेव्हा हा फरक दिसला नाही. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात हाताची मागची बाजू खेळण्यावर नुसती टेकवली, तेव्हाही नाही.

आता ‘कंटाळलं’ हे कसं ठरवतात ते पाहा, कारण घरच्या प्रयोगात नेमकी इथेच गडबड होते. प्रयोगशाळेत एक माणूस बाळाचा चेहरा बघत बटण दाबून बसलेला असतो. बाळाने सलग 2 सेकंद नजर काढली की ती फेरी संपली. पहिल्या तीन फेऱ्यांत बाळाने समजा 14, 12 आणि 10 सेकंद पाहिलं, म्हणजे एकूण 36; तर पुढच्या कोणत्याही सलग तीन फेऱ्यांची बेरीज 18 च्या खाली आली की बाळ सरावलं असं धरतात. तसं झालंच नाही, तर साधारण 14 फेऱ्यांवर थांबतात. प्रत्येक बाळाला त्याच्या चालीने जाऊ देणारी ही पद्धत आहे. घरी समोर बटणवाला नसतो. म्हणून इथल्या बऱ्याच अभ्यासांत दृश्यांची लांबी आधीच ठरवून टाकलेली असते आणि बाळ कुठे बघत होतं हे नंतर व्हिडिओवरून मोजतात. लवकर कंटाळणारं बाळ आणि सावकाश बघणारं बाळ एकाच मापाने मोजलं जातं. सेवेची ही खरी मर्यादा आहे, आणि कितीही चांगला कॅमेरा घेतला तरी ती भरून निघत नाही.

मोजणी पूर्वी माणसंच करत, एकेक फ्रेम पुढे सरकवत, आणि आजही अनेक ठिकाणी तसंच चालतं. आता आयकॅचर प्लससारखी सॉफ्टवेअर आली आहेत. ती प्रत्येक फ्रेममध्ये बाळ डावीकडे बघतंय, उजवीकडे की पडद्याबाहेर, एवढंच ठरवतात. म्हणूनच दृश्यं जवळजवळ नेहमी डाव्या-उजव्या टोकाला मांडलेली असतात आणि सुरुवातीला एखादं फिरणारं चित्र डावीकडे, उजवीकडे, मध्ये उड्या मारतं. ते करमणुकीसाठी नसतं. बाळ डावीकडे बघतं तेव्हा त्याची बुबुळं कशी दिसतात, हे त्यातून कळतं. तेवढ्या अर्ध्या मिनिटात बाळाचं तोंड दुसरीकडे असेल, तर पुढची सगळी मोजणी अंदाजावर चालते.

तयारी सोपी आहे, पण ती काटेकोर करावी लागते. लॅपटॉप किंवा डेस्कटॉप लागतो. बहुतेक अभ्यास फोनवर किंवा टॅबलेटवर चालत नाहीत, कारण तेवढ्या पडद्यावर डाव्या-उजव्या नजरेतला फरक ओळखू येत नाही. ब्राउझर क्रोम किंवा फायरफॉक्स ठेवा. लॅपटॉप पलंगावर किंवा गादीवर नको, टेबलावर घट्ट ठेवा. कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीला आला पाहिजे. आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतो तो उजेड. बाळाच्या पाठीमागे खिडकी किंवा बाल्कनी आली की चेहरा काळा पडतो आणि डोळे दिसतच नाहीत. खिडकी लॅपटॉपच्या मागे, म्हणजे बाळाच्या समोर असावी. डोक्यावरची ट्यूबलाइट एकटी असेल तर डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, म्हणून समोर एखादा साधा दिवा लावा. टोपडं काढून ठेवा, ते खाली सरकून कपाळ झाकतं. काजळ घातलेलं असेल तर अडत नाही, पण डोळ्याभोवती पसरलेलं पुसून घ्या. व्हिडिओतून नजरेची दिशा ओळखायची तर डोळ्याच्या कडा स्पष्ट दिसायला हव्यात.

आणि आता तुमची नजर. बाळाच्या अनेक अभ्यासांत आईबाबांना पडद्याकडे पाठ करून बसायला सांगतात: बाळ खांद्यावर, त्याचं तोंड पडद्याकडे, तुमचं उलट दिशेला. काही ठिकाणी मांडीवर घेऊन डोळे मिटायला सांगतात. हे अगदी तसंच करा, कारण मोठं माणूस कुठे बघतंय हे बाळाला कळतं. संशोधन मुळात त्याच गोष्टीवर चालू आहे. तुम्ही टेडीकडे बघून हलकेच मान हलवली किंवा मांडी जराशी सरकवली, तर बाळाने तुमच्याकडून सुचवणी घेतली की स्वतः काही ओळखलं, हे सांगता येत नाही. ‘अगं बघ, बघ, काय गंमत!’ हे शब्द तर बिलकूल नकोत. आजी खोलीत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. खुळखुळा आणि चोखणी यांबाबत प्रत्येक अभ्यासाच्या सूचना वेगळ्या असतात, त्या वाचा.

वेळ निवडताना घड्याळापेक्षा बाळाचा दिवस बघा. झोपून उठल्यावर, दूध झाल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, लंगोट बदलून. पेंगुळलेलं बाळ पडद्याकडे बघतं खरं, पण शून्यात बघतं, आणि व्हिडिओत दोन्ही सारखंच दिसतं. मध्येच रडायला लागलं तर स्पेसबार दाबून अभ्यास थांबवता येतो, पण पुन्हा सुरू केल्यावर ती फेरी बहुधा कामी येत नाही. पूर्ण बंद करावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नका. या क्षेत्रात अर्धवट राहिलेली बाळं ही नेहमीची गोष्ट आहे.

नोंदणीत बाळाचं खरं नाव द्यायची गरज नाही, लाडाचं चालतं. जन्मतारीख मात्र बिनचूक हवी, कारण अभ्यासाची वयोमर्यादा दिवसांत मोजली जाते. किती आठवड्यांनी जन्म झाला हेही विचारतात. लवकर जन्मलेल्या बाळाचं वय त्यांना वेगळं धरावं लागतं. घरात कानावर पडणाऱ्या भाषांची यादी असते, तिथे मराठी जरूर भरा. मराठीतून चाललेला अभ्यास मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. जवळपास सगळं इंग्रजीत असतं. तरी सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दाखवायची हात, खेळणी आणि चेहऱ्यांची दृश्यं बऱ्याचदा भाषेशिवायच असतात, त्यामुळे मराठी घरातल्या बाळाचं काही अडत नाही. शब्द ऐकवून चित्र बघायला लावणारे अभ्यास वेगळे. त्यांच्या अटींत घरची भाषा लिहिलेली असते आणि तिथे थापा मारून शिरण्यात कोणाचंच हित नाही.

संमतीची पद्धत मला या सेवेतली सगळ्यात पटलेली गोष्ट. नुसती खूण करून भागत नाही. कॅमेऱ्यासमोर ‘मी हे वाचलं, समजलं, मी या बाळाचा पालक आहे आणि आम्ही दोघं भाग घ्यायला तयार आहोत’ अशा आशयाचं इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचावं लागतं. तो व्हिडिओ कोणीतरी बघून मान्य केल्याशिवाय पुढचं चित्रण संशोधकांना उघडता येत नाही. शेवटी पुन्हा विचारतात: व्हिडिओ फक्त या गटापुरता ठेवायचा, शिकवण्यासाठी आणि शास्त्रीय कामासाठी वापरू द्यायचा, की जाहीर प्रसिद्धीलाही चालेल? डेटाब्ररी या संशोधकांच्या साठ्यात ठेवायचा का, हा प्रश्न वेगळा. घाईत सगळ्यात खुला पर्याय निवडून मोकळे होऊ नका. चित्रणात मागची भिंत, घरातली माणसं, तुमचं बोलणं, सगळं येतं.

यादीत दोन जातींचे अभ्यास दिसतील. एक, केव्हाही एकट्याने करायचे. दुसरे, संशोधकाशी वेळ ठरवून व्हिडिओ कॉलवर करायचे. महाराष्ट्रातून करणाऱ्यांना दुसरे गैरसोयीचे पडतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे 10 म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. बाळाच्या किरकिरीची हीच तर वेळ. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांना ही अडचण नाही. मोबदल्याचंही तसंच. काही अभ्यास 5 डॉलरच्या आसपासचं अमेझॉन कार्ड देतात, काही काहीच देत नाहीत, काही फक्त अमेरिकेतल्या रहिवाशांना देतात. अमेरिकन अमेझॉनचं कार्ड भारतीय अमेझॉनवर चालत नाही. पैशासाठी येऊ नये.

मग कशासाठी यावं? 2007 मध्ये ‘नेचर’मध्ये किली हॅमलिन, कॅरेन विन आणि पॉल ब्लूम यांचा एक अभ्यास आला. टेकडी चढणाऱ्या ठोकळ्याला एक जण मदत करतो, एक जण खाली ढकलतो. नंतर बाळासमोर दोघांना ठेवतात. 10 महिन्यांच्या 16 पैकी 14 बाळांनी आणि 6 महिन्यांच्या 12 पैकी 12 बाळांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. जगभर गाजलेला निकाल, आणि मागे बाळं फक्त 28. नंतर ‘मेनीबेबीज’ या गटाने 37 प्रयोगशाळांत तोच प्रश्न पुन्हा तपासला आणि 2024 मध्ये निकाल दिला. 1,018 बाळांना घेऊन बसले, त्यांतली 567 हिशेबात धरता आली, आणि मदत करणाऱ्याला निवडणाऱ्यांचं प्रमाण निघालं 49.34 टक्के. म्हणजे छापा-काटाच. यावरून बाळांना भलंबुरं कळत नाही असं सिद्ध होत नाही. पहिल्या अभ्यासात खरे ठोकळे होते, दुसऱ्यात पडद्यावरचं चित्रण, आणि त्या फरकावर वाद चालू आहे. पण बारा-सोळा बाळांच्या गटावर किती भार टाकायचा, हे मात्र उघड झालं. एका प्रयोगशाळेला एका शहरात वर्षभरात जेवढी बाळं मिळतात, त्यापेक्षा कितीतरी जास्त लागतात, आणि ती सगळी विद्यापीठाच्या शेजारी राहणाऱ्या प्राध्यापकांची असून चालत नाही. ही साइट नेमकी ती अडचण सोडवायला बघते.

नेट धिमं असेल तर एक शेवटची सूचना. चित्रण तुकड्यातुकड्यांनी चढत असतं. शेवटचं पान दिसलं म्हणून लगेच लॅपटॉप मिटू नका, सगळं चढू द्या. आणि त्याच पानावर, अगदी खाली, व्हिडिओ पूर्णपणे मागे घेण्याचा पर्याय असतो. मध्ये कोणी अर्ध्या कपड्यांत खोलीतून गेलं असेल, तर तो वापरा. कारण विचारत नाहीत.