टिरेल म्युझियम की बफेलो जम्प?
कॅनडातल्या कॅलगरीहून एकच दिवस हाताशी असेल तर बहुतेक जण ड्रमहेलरचं डायनासोरांचं रॉयल टिरेल म्युझियम गाठतात, आणि पोरं बरोबर असतील तर तेच बरं, तिथला नोडोसॉर, म्हणजे चिलखती अंगाच्या डायनासोरचा जीवाश्म, तर बघाच, ११ कोटी वर्षांपूर्वीचा पण अंगावरचे खवले अजून जसेच्या तसे, वाटतं आत्ताच झोपलाय. उन्हाळ्यात गर्दी फार.

पण मला विचाराल तर फोर्ट मॅक्लाऊडजवळचं हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जम्प! जवळपास ६,००० वर्षं इथे बायसनचे (रानगव्यांसारख्या प्राण्यांचे) कळप कड्यावरून खाली लोटून शिकार व्हायची, १९८१ पासून जागतिक वारसा आहे, आणि इथल्या मूळनिवासी ब्लॅकफूट लोकांचे गाईड आपल्याच पूर्वजांची गोष्ट सांगतात ना, ती काचेच्या पेटीत नाही मिळत. कड्यावर वारा नुसता भणाणतो, जाकीट न्याच.