लहान मुलांच्या रात्रीच्या पायदुखीसाठी रबरी शेकपिशवी : दोन वर्षांच्या वापरानंतर

माझा मुलगा साडेचार वर्षांचा असताना त्याला रात्री पाय दुखण्याचा त्रास सुरू झाला. दिवसभर जिन्यावरून वरखाली धावणारे हे मूल रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास झोपेतून रडत उठे, दोन्ही नडग्या घट्ट धरून बसे आणि सकाळी मात्र काही घडलेच नाही अशा थाटात शाळेच्या रिक्षाकडे पळत सुटे. बालरोगतज्ज्ञांनी त्याचे गुडघे, खुबे आणि चाल तपासून हे वाढत्या वयातले नेहमीचे दुखणे असल्याचे सांगितले आणि हलकी मालिश व सौम्य शेक सुचवला. त्या शेकासाठी औषधाच्या दुकानातून आणलेल्या दोन लिटरच्या साध्या रबरी पिशवीविषयी हे लिहीत आहे. मध्यंतरी विजेवर तापणारी जेलची पिशवीही घरात येऊन गेली, त्यामुळे दोघींची तुलना ओघाने येईलच.

पिशवीची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी उभ्या रेघांची आहे. रेघांची बाजू अंगाला पूर्ण चिकटत नसल्याने तिच्यातून ऊब हळू उतरते, म्हणून मुलाच्या पायाकडे नेहमी तीच ठेवावी. पहिले आठ दिवस रबराचा उग्र वास येत होता. दोन-तीन वेळा कोमट पाणी भरून ओतल्यावर आणि पिशवी उलटी टांगून वाळवल्यावर तो गेला. खरी अडचण आकाराची निघाली. दोन लिटरची पिशवी सांगतात तशी दोन-तृतीयांश भरली, तर तिचे वजन सव्वा किलोच्या पुढे जाते आणि पाच वर्षांच्या मुलाच्या नडगीवर ते ओझेच होते. मी जेमतेम अर्धा लिटर पाणी भरते आणि पिशवी ओट्यावर आडवी टेकवून, पाणी तोंडाशी येईपर्यंत आतली हवा काढून मग बूच लावते. अशी अर्धवट भरलेली पिशवी नडगीभोवती मऊ पडते. आतले पाणी हलले की मुलगा पिशवीला कान लावून ‘हिला भूक लागली आहे’ असे म्हणतो, आणि तेवढ्यात रडणे अर्धे थांबलेले असते.

पाणी किती गरम असावे, हा प्रश्न पिशवीच्या दर्जापेक्षाही महत्त्वाचा आहे. उकळलेले पाणी कधीही भरू नये; बाळाच्या आंघोळीचे पाणी कोपर बुडवून पाहतात तसे पाहावे आणि कोपराला जेमतेम सोसवणाऱ्या पाण्यावर समाधान मानावे. केवळ 44 अंश सेल्सिअस तापमानाची वस्तूही त्वचेला सलग काही तास लागून राहिली तर भाजते, आणि मुलांची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते. त्यामुळे खोळ हवीच. पिशवीबरोबर आलेली लोकरीसारखी खोळ दोन धुण्यांत आटली, म्हणून सासूबाईंनी जुन्या सुती साडीची दुहेरी खोळ शिवून दिली. ती आजही टिकून आहे. पंधरा ते वीस मिनिटांनी पिशवी काढून घ्यावी आणि मूल झोपी गेले म्हणून ती पांघरुणात राहू देऊ नये.

विजेची पिशवी सोयीची वाटली होती. दहा मिनिटांत तापते, पाणी ओतावे लागत नाही. परंतु तापमान आपल्या हाती राहत नाही, आणि आमच्या पिशवीत तारेच्या खाचेजवळचा भाग इतर भागापेक्षा स्पष्टपणे जास्त तापत असे. तिसऱ्या महिन्यात तिची शिवण ओलसर दिसू लागली, तेव्हा मी ती काढून टाकली. रबरी पिशवी आपोआप थंडच होत जाते, आणि लहान मुलाच्या अंथरुणात मला हाच तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

तिनेही एकदा फसवले. घाईत बूच तिरके बसले आणि गादी भिजली; पाणी कोमट होते म्हणून निभावले. तेव्हापासून बूच लावल्यावर पिशवी मोरीत उलटी धरून दाबून पाहते आणि बुचाचा रबरी वायसर दर महिन्याला तपासते.

शेकाने हे दुखणे मुळापासून जाते, असे मात्र मी म्हणणार नाही. ते बहुधा तीन ते बारा या वयात दिसते, दोन्ही पायांच्या पोटऱ्या, नडग्या, मांड्या किंवा गुडघ्यांच्या मागे होते आणि सकाळपर्यंत ओसरते. ‘पोर वाढतंय, हाडं ताणतात,’ असे सासूबाई म्हणतात. या दुखण्याचे ‘ग्रोइंग पेन्स’ म्हणजे ‘वाढीचे दुखणे’ हे वाढीशी नाते जोडणारे नावही जुनेच आहे. 1823 साली मार्सेल द्युशाँ या फ्रेंच वैद्याने ते वापरले. पण उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती पहिल्या वर्षात आणि वयात येताना, त्यामुळे हे नाव तितकेसे जुळत नाही. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात पायांचे स्नायू ताणण्याच्या व्यायामाचा उपयोग दिसला होता. त्यामुळे आम्ही भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणण्याचा खेळ रोज संध्याकाळी खेळतो, आणि रात्री दुखलेच तर आधी तिळाच्या कोमट तेलाने पाच-दहा मिनिटे पाय चोळून मग पिशवी काढतो. पिशवी लागणाऱ्या रात्री आता महिन्यातून एक-दोनच उरल्या आहेत; श्रेय व्यायामाचे, तेलाचे की वाढलेल्या वयाचे, हे मला ठरवता येत नाही.

मोठ्यांचे झोंबणारे वेदनाशामक मलम मुलाच्या पायाला चोळू नये आणि अ‍ॅस्पिरिन तर देऊच नये. फारच दुखले तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मात्रेत. एकच पाय किंवा एकच जागा सतत दुखत असेल, सांध्यावर सूज वा लाली असेल, मूल सकाळी लंगडत असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा अंगावर विनाकारण काळेनिळे डाग दिसत असतील, तर पिशवीच्या खरेदीत वेळ घालवू नये. थेट डॉक्टरांकडे जावे.

पिशवीला आता दोन वर्षे होत आली आहेत. परवा मानेजवळ दुमडून पाहिली तेव्हा रबरावर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, म्हणून ती आता वापरातून काढणार आहे. पुढचीही रबरीच घेईन, पण एक लिटरची, आणि बूच दुकानातच दोनदा लावून-काढून पाहीन. साडीची खोळ थोडी आत घेऊन शिवली की तिलाही चालेल.