रूपविकारी तारे की पक्ष्यांची यादी?

नोकरी सांभाळून विज्ञानाच्या कामी येईल असे काही करायचे असेल, तर मी दोनच वाटा सुचवतो: रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांची निरीक्षणे, किंवा ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पक्ष्यांच्या याद्या.

खर्च जवळपास सारखाच. पक्ष्यांसाठी ८ × ४२ ची (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) द्विनेत्री, ताऱ्यांसाठी ७ × ५० किंवा १० × ५० ची. मृग नक्षत्रातल्या काक्षी या तांबड्या रूपविकारी ताऱ्याचे तेज तर नुसत्या डोळ्यांनी मोजता येते.

खरा फरक पावसाळ्यात कळतो. पक्ष्यांची यादी गच्चीवरून पंधरा मिनिटांत होते, तीही बारा महिने. ताऱ्यांना मात्र आपल्याकडे जून ते सप्टेंबर सुट्टी. तिमिंगलातल्या मीरा या ताऱ्याचे चक्र सुमारे ३३२ दिवसांचे आहे, त्यामुळे त्याचे कमाल तेज दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकते. ते पावसाळ्यात शिरले की सलग तीन-चार वर्षे हातचे जाते. ज्याला हे सोसणार नाही त्याने पक्षी निवडावेत.

ताऱ्यांची रीत सोपी वाटते: एक जास्त तेजस्वी आणि एक कमी तेजस्वी तारा घ्यायचा आणि आपला तारा त्यांच्यामध्ये कुठे बसतो ते ठरवायचे. पण तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिले की तो अधिकाधिक तेजस्वी भासतो. ओझरती नजर टाकून अंदाज घ्यावा लागतो. मागच्या रात्रीचा आकडाही आधी बघायचा नाही. २०२० च्या फेब्रुवारीत काक्षी १.६ प्रतीपर्यंत मंदावला (प्रत हे तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद), तेव्हा अशाच नोंदी कामी आल्या. आता बांगलादेशात असलेल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र सरकारी खजिन्यात कारकून होते. अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेल्या रूपविकारी तारे निरीक्षकांच्या संघटनेला त्यांनी ३७ हजारांहून जास्त निरीक्षणे पाठवली. संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला दिली. मला या माणसाविषयी अपार आदर आहे.

पक्ष्यांमध्ये अडचण ओळखण्याची. वटवट्यांच्या जाती भल्याभल्यांना चकवतात. खात्री नसेल तर जात न लिहिता 'वटवट्या' एवढेच नोंदवावे. नवशिके बहुतेकदा कावळा, पारवा, साळुंकी गाळतात, आणि तिथेच यादी बिघडते. दिसले तेवढे सगळे लिहिले असेल तरच 'दिसला नाही' याला अर्थ येतो. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरील २०२३ च्या राष्ट्रीय अहवालात ९४२ जातींचा आढावा घेता आला, तो तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या नोंदींमुळे.

माझा कौल असा: लहान मुले घरात असतील, पहाटे जाग येत असेल, तर पक्षी. एकाच गोष्टीकडे वर्षानुवर्षे परत जाण्यात ज्याला सुख वाटते त्याने तारे घ्यावेत. शहरातल्या उजेडाने खचू नये, काक्षी तिथूनही दिसतो. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था १९४४ पासून आहे. तुलनेच्या ताऱ्यांचे तेज दाखवणारा पहिला तक्ता वाचायला तिथे कोणीतरी शिकवेल. दोन्ही एकदम मात्र सुरू करू नका, निदान पहिला हिवाळा तरी.