घराण्याच्या नोंदी ठेवायच्या कुठे: वहीत, संगणकात की ऑनलाइन?

आत्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा लॅपटॉप नेला होता. तो उघडला की ती तोलूनमापून बोलायची. पुढच्या खेपेला दोनशे पानी वही नेली, तर तिनं पेनच मागून घेतलं आणि सासरच्या चार पिढ्या स्वतः लिहून काढल्या. "अण्णा जुन्या मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते, लिही," हेही तेव्हाच कळलं. सोलापूरची ती गिरणी १८७७ सालची, म्हणजे आमचं घराणं शहरात कधी आलं याचा धागा तिथं सापडू शकतो. ऐकून लिहायला वहीच बरी. पण तिसरी वही भरली आणि पणजीचं माहेर कुठल्या पानावर लिहिलंय हे शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

शोधायचं असेल तर संगणक. एक्सेल बहुतेकांना येतं, पण १९०० च्या आधीची तारीख ते तारीख म्हणून ओळखतच नाही. दिवस, महिना, साल असे वेगळे रकाने करावे लागतात. शिवाय एखाद्या आजोबांची दोन लग्नं झालेली असली की कोण कुणाचं मूल हे ओळींमध्ये गुंतून जातं. त्यापेक्षा ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं, माहिती आपल्याच मशीनमध्ये राहते आणि उद्या दुसरीकडे न्यायची झाली तर जेडकॉम फाइल (वंशावळीची इतर सॉफ्टवेअर वाचू शकतात अशी) काढता येते. शिकायला आठ-पंधरा दिवस जातात, ते जाऊ द्या.

काहीही वापरा, पण कागदावर आहे तसंच आधी उतरवा. शेजारचं तुळजापूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होतं, त्यामुळे तिकडच्या कागदांवर फसली साल, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली वर्ष सापडतं. फसली १३४० म्हणजे साधारण १९३०-३१. शके असेल तर ७८ मिळवा. मूळ आकडा खोडू नका, इसवी सन त्याच्या शेजारी लिहा. शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून दिसला तर "दाखल्यावरून" एवढं जोडाच. आमच्या दोन्ही काकांचा जन्म १ जूनचाच आहे. शाळेत घालताना गुरुजींनी घातलेली ती तारीख. बायकांचं माहेरचं नाव वेगळ्या रकान्यात हवंच, नाहीतर निम्मं घराणं हरवतं.

ऑनलाइन वंशवृक्षाचा फायदा खरा आहे. पुण्या-हैदराबादची भावंडं घरबसल्या फोटो आणि नावं भरतात. पण सामाईक वृक्षात कुणीही हात घालू शकतं. माझ्या पणजोबांना त्याच नावाच्या परक्या माणसाशी कुणीतरी जोडून टाकलं, आणि त्या परक्याची मुलं आमच्या वंशवृक्षात आली. तिथं फक्त गेलेल्या माणसांची प्रत ठेवा, हयात असलेल्यांची माहिती नको.

घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर आधी वही घ्या, याच आठवड्यात. पानांना क्रमांक घाला, प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि ग्रॅम्प्समध्ये त्या नावाला "वही २, पान ४१" असा आधार जोडा. आत्याच्या अक्षरातलं ते पान मी तसंच जोडलंय.