गाया आर्काइव्ह आणि कृत्तिकांचं वय: हजेरीपट चोख, लिथियम दुसऱ्याच्या दारात

युरोपीय अंतराळ संस्थेचं गाया आर्काइव्ह, म्हणजे तिच्या गाया अवकाश दुर्बिणीने मोजलेल्या ताऱ्यांच्या नोंदींचा साठा, फुकट आहे आणि खातं न उघडताही चालतं. नांदेड, लातूर किंवा परभणीच्या कॉलेजात एमएस्सीच्या प्रकल्पासाठी दुर्बीण नसते, लॅपटॉप असतो. त्या लॅपटॉपवर लिथियमच्या पद्धतीने कृत्तिका या तारकागुच्छाचं वय काढायला ही सेवा कितपत कामाची आहे, एवढंच इथे तपासलं आहे. तारांगणातल्या रंगीत चित्रांसाठी ती कशी आहे, हा वेगळा विषय.

आधी पद्धत. लिथियम-7च्या केंद्रकावर प्रोटॉन आदळला की हेलियमची दोन केंद्रकं होतात. त्यासाठी सुमारे 25 लाख केल्विन तापमान पुरतं, हायड्रोजन जळायला लागतं त्यापेक्षा कमी. सूर्याच्या साधारण 0.06 पट वस्तुमानाखालच्या तपकिरी बटूंच्या (तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेल्या गोलांच्या) गाभ्यात तेवढी धग कधीच येत नाही, म्हणून त्यांचं लिथियम शाबूत राहतं. त्याहून जड वस्तू आकसत आकसत तापतात. त्या आतून-बाहेरून ढवळल्या जात असल्याने पृष्ठभागावरचं लिथियमही गाभ्यात जाऊन जळतं, आणि सुरुवात झाली की फार लवकर संपतं. जड आधी, हलके नंतर. त्यामुळे गुच्छातले सदस्य तेजस्वीकडून मंदाकडे ओळीने लावले तर एका ठिकाणी लिथियम अचानक दिसू लागतं. ही सीमा जितकी मंद, तितका गुच्छ जुना. रेबोलो, मार्टिन आणि मागात्सू यांनी 1992मध्ये ही कसोटी मांडली. 1998मध्ये स्टॉफर आणि सहकाऱ्यांनी तिने कृत्तिकांचं वय 12.5 कोटी वर्षं काढलं. मोठ्या ताऱ्यांवरून काढलेले जुने आकडे त्यापेक्षा बरेच कमी होते.

आर्काइव्हचं खरं बळ सदस्य ओळखण्यात आहे. माळेगावच्या यात्रेत एकाच गावची माणसं शोधायची तर चेहरे बघून भागत नाही, कोण एकत्र एकाच दिशेने चाललंय ते बघावं लागतं. कृत्तिकांची निजगती (आकाशातलं सरकणं) विषुवांशात (पूर्व-पश्चिम) वर्षाला सुमारे +20 आणि क्रांतीत (उत्तर-दक्षिण) −45 मिलीआर्कसेकंद आहे; आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग आणि मिली म्हणजे त्याचा हजारावा. पराशय (पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्याचं दिसणारं किंचित डोलणं, ज्यावरून अंतर निघतं) सुमारे 7.36 मिलीआर्कसेकंद. केंद्र 56.75 आणि +24.1 अंश धरा, त्रिज्या 3 अंश, निजगतीला दोन्हीकडे 5ची मोकळीक. एवढ्या अटींनी बरीचशी गर्दी बाजूला होते.

नेहमीची चूक पराशयाच्या अटीत होते. 7.0 ते 7.7 अशी सरळ खिडकी लावली की तेजस्वी सदस्य छान येतात आणि नेमके हवे असलेले मंद सदस्य गळतात, कारण 20व्या प्रतीपाशी (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) पराशयाच्या मोजमापातली अनिश्चितताच अर्ध्या मिलीआर्कसेकंदाच्या आसपास असते. त्याऐवजी 7.36पासूनचा फरक त्या ताऱ्याच्या स्वतःच्या अनिश्चिततेने भागा आणि 3च्या आत असलेले ठेवा. दुसरी चूक म्हणजे सगळे रकाने मागवणं. दीडशेच्या वर रकाने आहेत. ओळख क्रमांक, स्थान, पराशय, निजगती, त्यांच्या अनिश्चितता, तीन प्रती आणि रूवी (एकट्या ताऱ्याचं गणित मोजमापांना कितपत बसतं ते सांगणारा आकडा) एवढे पुरतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा फरक चांगलाच जाणवतो.

एसिंक्रोनस काम ही इथल्यासाठी सगळ्यात मोलाची सोय. सिंक्रोनस क्वेरीत (जागेवरच उत्तर देणाऱ्या विचारणेत) 2000 ओळींवर हात आखडतो आणि लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. एसिंक्रोनस काम तिकडच्या सर्व्हरवर चालू राहतं, लाईट आली की निकाल उतरवून घ्यायचा. टॉपकॅट या मोफत प्रोग्रॅममधूनही ते पाठवता येतं. औंढा नागनाथला लायगो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहील तेव्हा राहील, हे आज रात्री करता येतं.

आता उणी बाजू, आणि ती मोठी आहे. गायाकडे लिथियम नाही. वर्णपटातली लिथियमची रेषा 6708 अँगस्ट्रॉम तरंगलांबीला पडते. गायाचा बारीक वर्णपट 8450 ते 8720च्या पट्ट्यातला, म्हणजे ती रेषा त्यात येतच नाही. लांब पट्ट्याचा जो दुसरा वर्णपट मिळतो तो इतका ठोकळ आहे की अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या रेषेचा त्यात मागमूस लागणार नाही. त्यातून लिथियम काढू पाहणारा प्रकल्प पहिल्याच दिवशी थांबवावा.

लिथियमचे आकडे स्ट्रासबर्गच्या विझिएर सेवेतून, छापील निबंधांच्या तक्त्यांतून घ्यावे लागतात. गायातली स्थानं 2016ची असतात, तक्त्यांतली बहुधा 2000ची. तेवढ्या काळात कृत्तिका सुमारे 0.8 आर्कसेकंद सरकतात, म्हणून जुळणीची त्रिज्या 1वर ठेवू नका, 3 ठेवा आणि दुहेरी जुळण्या हाताने तपासा. तक्त्यात 'लिथियम नाही' लिहिलेलं दिसलं तर वर्णपटाची विभेदनक्षमता (किती बारीक फरक वेगळा दिसतो ते) बघा. ती 1000 असेल तर ही रेषा 6.7 अँगस्ट्रॉमवर पसरते आणि तिची खोली जेमतेम 7 टक्के उरते. गोंगाट 5 टक्के असेल तर 'नाही' या शब्दाला अर्थ नाही. शिवाय टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांमुळे खरी आधाररेषा (रेषा नसती तर दिसली असती ती पातळी) सापडत नाही, अंदाजाने ओढावी लागते. दोन निबंधांतले आकडे थोडे वेगळे दिसतात त्याचं एक कारण हेच.

जोडताऱ्यांचा घोळ वेगळाच. समान तेजाचे दोन तारे एकत्र दिसले की प्रत 0.75ने उजळ वाटते आणि सीमा तेजस्वी बाजूला सरकते. कृत्तिकांमध्ये लिथियम दाखवणारी पीपीएल 15 ही गाजलेली वस्तू पुढे 5.8 दिवसांची जोडी निघाली. अशा एकाच वस्तूवर सीमा टांगली तर गुच्छ आहे त्यापेक्षा तरुण ठरतो. रूवी 1.4च्या वरचे सदस्य वेगळे काढावेत, पण अशी जवळची जोडी रूवीला दिसेलच असं नाही. रंग-प्रत आलेखात मुख्य ओळीच्या वर तरंगणारे सदस्यही बाजूला ठेवा.

अंतरात मात्र गायाला तोड नाही. गायाच्या आधीच्या हिपार्कोस उपग्रहाने कृत्तिका सुमारे 120 पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं) टाकल्या होत्या, गायानुसार त्या 136वर येतात. प्रतीत हा फरक 0.27चा. जवळचं अंतर धरलं तर तीच सीमा मुळात मंद ठरते आणि वय फुगतं. सीमा मोजायचीच चार-पाच वस्तूंवर, तिथे एवढा फरक परवडत नाही.

सीमेखालचे बटू गायाच्या नजरेच्या कडेवर जातात. त्यांच्यासाठी इन्फ्रारेड सर्वेक्षणांचे तक्ते विझिएरमधूनच घ्या. ही पद्धत 2 कोटी ते सुमारे 20 कोटी वर्षांच्या गुच्छांना चांगली बसते. त्यापुढे सीमा इतकी मंद होते की मोठी दुर्बीण लागते. रोहिणीजवळच्या हायडीजसाठी 10.4 मीटरची कॅनरी बेटांवरची दुर्बीण वापरून 65 कोटी वर्षं हा आकडा आला, सात कोटींच्या अनिश्चिततेसह.

सदस्ययादी आणि अंतरासाठी पाचपैकी पाच. लिथियमसाठी शून्य, तेही तिचा दोष नाही. मदतपानं इंग्रजीत आणि लांबलचक आहेत. एडीक्यूएल या क्वेरीच्या भाषेचे नमुने तेवढे आधी वाचा, बाकीची अडलं की.